डाव्या हाताच्या रेलिंगचं सँक्शन

आमच्या जिन्याच्या डाव्या भिंतीला एक पाइप लावायचा होता. बस. काम एवढंच. हे मी आता कोणाला सांगायला गेलो, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे दयेने बघतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे ती नोटीस लागली, ती तुमच्यामुळेच ना?" म्हणून एकदा पहिल्यापासून सांगून टाकतो. नंतर मला काय म्हणायचं ते खुशाल म्हणा, नाहीतरी म्हणताच आहात.

माझे वडील, आप्पा, बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. खांदा जागेवर बसला, पण उजव्या हाताची पकड गेली ती गेलीच. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आणि आमच्या जिन्याला धरायचं रेलिंग एकाच बाजूला आहे, ते उतरताना नेमकं उजव्या हाताला येतं. डावीकडे नुसती भिंत. चढताना काही प्रश्न नव्हता, तेव्हा तेच रेलिंग डाव्या हाताला येतं. पण चढायचं असेल तर माणसाला आधी उतरावं लागतं, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

खाली फाटकाजवळ एक बाक आहे. त्यावर रोज संध्याकाळी घड्याळवाले येऊन बसतात. हे आप्पांचे मित्र. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते आता मुलाने मोबाइलचं केलंय. आप्पा पडायच्या आधी दोघं त्या बाकावर अंधार पडेपर्यंत बसायचे. फार बोलायचे असं नाही. घड्याळवाल्यांना ऐकू कमी येतं आणि आप्पांना मोठ्याने बोलणं असभ्यपणाचं वाटतं. पण बसायचे. आता आप्पा वर अडकले, आणि घड्याळवाल्यांचे गुडघे असे की पहिल्या मजल्यावर चढायचं म्हटलं तरी त्यांना घाम फुटतो. फोनचाही उपयोग नाही. तरी ते रोज येत, बाकाच्या एका कडेला बसत आणि उरलेल्या जागेवर कोणी बसू नये म्हणून आपली पिशवी ठेवत. ऑफिसातून घरी येताना मला ती पिशवी दिसायची आणि मी मान खाली घालून फाटकातून आत जायचो.

"डाव्या भिंतीला पाइप लावून टाका," बायको म्हणाली. "पलीकडच्या गल्लीतला फॅब्रिकेटर संध्याकाळपर्यंत लावून देईल. उद्या आप्पा बाकावर."

माझ्या बायकोचा स्वभाव हा असा आहे. तिला वाटतं, पाइप लावला की पाइप लागतो.

फॅब्रिकेटर आला, भिंतीवर खडूने खुणा करून गेला. आप्पा दारात खुर्ची टाकून हे सगळं बघत होते. तो गेल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"सँक्शन आहे का?"

"कशाचं, आप्पा? पाइप आहे तो."

"पाइपच म्हणतोय मी. सार्वजनिक जिना आहे. सँक्शन नसलेल्या पाइपाला मी हात लावणार नाही. पडलो तरी चालेल."

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. त्यांनी अख्खी नोकरी मंजुरी विभागात काढली. 'सँक्शन' हा इंग्रजी शब्द आमच्या घरात मी 'आई' आणि 'आप्पा' यांच्या पाठोपाठ शिकलो असणार. सहलीला जायचं तर आप्पांचं सँक्शन लागायचं. केस कापायचे तर किती कापायचे, त्याचं सँक्शन लागायचं. ते पेनाचं टोपण टेबलावर आपटत विचार करायचे, आणि टोपण पेनाला लागलं की समजायचं, झालं. या शब्दाच्या अर्थाबद्दल त्यांची मतं अतिशय पक्की आहेत. परवानगी कोणीही देतं, ते म्हणतात, शेजारीसुद्धा देतो. होकार म्हणजे नुसती मान हलवणं. अप्रूव्हल म्हणजे साहेबाला बरं वाटलं, एवढंच. सँक्शन वेगळं. सँक्शन म्हणजे उद्या काही झालं, तर ते तुमच्यामुळे झालं नाही याची सरकारने दिलेली खात्री. "माणूस शांत झोपतो कशावर?" ते विचारायचे. मी लहानपणी 'गादीवर' असं उत्तर दिलं होतं. ते चुकलं होतं.

तर सँक्शन आणायचं ठरलं. त्यांचा खांदा गेला होता, हट्टाला काही झालं नव्हतं.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी भला माणूस. मी विचारलं तेव्हा ते दाढी करत होते. साबण लावलेल्या तोंडाने म्हणाले, "अहो लावा की! विचारताय काय? म्हाताऱ्या माणसाचं काम."

मी आनंदाने वर येऊन सांगितलं. आप्पा म्हणाले, "लेखी?"

मी परत खाली गेलो. 'लेखी' हा शब्द ऐकताच सेक्रेटरींच्या गालावरचा साबण वाळला. "लेखी कशाला? तुम्ही लावला असता तर मला दिसलाही नसता. आता तुम्ही विचारलंत म्हणजे मला माहीत झालं. माहीत झालं म्हणजे कमिटीपुढे ठेवणं आलं." त्यांच्या चेहऱ्यावर मला नंतर ओळखीचा झालेला एक भाव होता. ज्याला ज्याला मी रीतसर विचारलं, त्या प्रत्येकाने माझ्याकडे असंच बघितलंय. घरात घाण पाय घेऊन आलेल्या पाहुण्याकडे बघतात तसं.

कमिटीची मीटिंग झाली. वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, पाइप आला तर त्यांचं कपाट जिन्यातून जाणार कसं. कपाट कुठे न्यायचंय, तर कुठेच नाही, पण उद्या न्यायचं म्हटलं तर? एकाने पाइप पिवळा असावा असं सुचवलं, त्यावर रंगाचा वेगळा वाद झाला. सगळ्यात कडाडून विरोध केला तो तळमजल्यावरच्या ट्यूशनवाल्या सरांनी, ज्यांचा त्या जिन्यावर उभ्या जन्मात पाय पडलेला नाही. ते म्हणाले, प्रश्न पाइपाचा नाही, प्रश्न पायंड्याचा आहे. आज डाव्या हाताला मागतील, उद्या काय मागतील? उद्या काय मागणार, ते मलाही सुचेना. शेवटी ठराव झाला: बांधकाम खात्याची हरकत नसल्यास कमिटीची हरकत नाही.

"हे सँक्शन नव्हे," आप्पा तो कागद डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "ही नुसती ना-हरकत. तीही दुसऱ्याच्या ना-हरकतीवर टांगलेली." पण त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी तरतरी आली होती. त्या दिवशी त्यांनी चहा मागून घेतला.

बांधकाम खात्यात मी रजा काढून गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "नवीन बांधकाम की दुरुस्ती?"

"पाइप."

"पाणीपुरवठा शेजारच्या इमारतीत."

पाण्याचा नाही, धरायचा, हे समजावून देताना मी हवेत डावा हात वरखाली करून दाखवला. रांगेतली माणसं मागे सरकली. बाईंनी मला आतल्या टेबलाकडे पाठवलं, त्या टेबलाने वरच्या मजल्यावर, आणि वरच्या मजल्याने पुन्हा बाईंकडे. अखेर एका चष्मेवाल्या गृहस्थांना माझी दया आली. ते म्हणाले, "असं बघा, आम्ही इथे फक्त रेकमेंड करतो. अप्रूव्ह वर होतं. सँक्शन त्याच्याही वर."

"त्याच्यावर तर गच्ची आहे," मी म्हणालो. मला विनोद करायचा नव्हता. मी जिने मोजतच फिरत होतो. पण गृहस्थ दुखावले आणि माझी फाइल त्यांनी सगळ्यात खाली ठेवली.

घरी आल्यावर आप्पा सगळं खोदून खोदून विचारायचे. कोणत्या टेबलावर गेली? शेरा काय मारला? 'पहावे' असं लिहिलं की 'पाहून सादर करावे'? मी म्हणायचो आप्पा, मला नाही माहीत. ते हळहळायचे, "अरे, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे!" बायको भाकरी करता करता आतून ओरडायची, "जेवण तयार आहे, सँक्शन होत असेल तर वाढते!" आम्ही तिघं हसायचो. खरं सांगायचं तर ते दिवस बरे होते. मला वाटायचं, काम होतंय. घड्याळवाल्यांनाही मी फाटकात हातवारे करून सांगितलं होतं, आप्पा येणार, लवकरच येणार. त्यांनी लगेच पिशवी उचलून मांडीवर घेतली होती. आत्ताच येणार असं त्यांना वाटलं होतं.

मग इन्स्पेक्टर आला.

जागेची पाहणी केल्याशिवाय सँक्शन होत नाही, म्हणून तो आला. तरुण, नम्र माणूस, हातात आमच्या इमारतीचा मंजूर नकाशा. त्याने जिना बघितला, नकाशा बघितला. नकाशा फिरवला. मग स्वतः फिरला. मग पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी जाऊन तिथल्या कोऱ्या भिंतीवर हात फिरवून आला.

"जिना इथे नाहीये," तो म्हणाला.

"तुम्ही त्याच्यावरूनच वर आलात ना?" मी म्हणालो.

"मी आलो हो. पण सँक्शन झालेला जिना तिकडे आहे, खिडकीच्या बाजूला." त्याने कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवलं. बांधणाऱ्याने कोणे एके काळी आपल्या सोयीने जिना तिकडचा इकडे केला होता, आणि त्यानंतर आम्ही सगळे इतकी वर्षं, लग्नाच्या वराती, बाळंतिणी, कपाटं आणि प्रेतं घेऊन, अस्तित्वात नसलेल्या जिन्यावरून ये-जा करत होतो. कोणाचं काही अडलं नव्हतं. मी विचारेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी नोटीस लागली. 'सदर जिना विनासँक्शन आहे. वापर टाळावा.'

इमारतीत माझं काय झालं हे मी थोडक्यात सांगतो, कारण विस्ताराने सांगवत नाही. पार्सलवाले नोटीस वाचून सामान खालीच ठेवून जाऊ लागले. "वापर टाळावा म्हणजे आम्ही काय उडत यायचं का रे?" असं वरच्या मावशी मला रोज विचारायच्या, आणि पिशव्या माझ्या दारात टेकवून दम खायच्या. सेक्रेटरी मला बघून दाढी अर्धी टाकून आत जायचे. ट्यूशनवाले सर मात्र आता माझ्याशी अतिशय प्रेमाने वागत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून 'पायंडा' या शब्दाचा अर्थ समजावून देत. मी ऑफिसात वरिष्ठ सहायक आहे, माझ्या सहीने माल हलतो. पण स्वतःच्या घरी मी चपला हातात घेऊन जिना चढायला लागलो, आवाज होऊ नये म्हणून.

हेही मी सोसलं असतं. पण आप्पांनी नोटीस शब्दन् शब्द वाचून घेतली आणि म्हणाले, "संपलं."

तोवर क्वचित डॉक्टरकडे जायचं असलं की मी आणि पाइपाच्या कामाची वाट बघणारा तो फॅब्रिकेटर त्यांना दोन बाजूंनी धरून कसंबसं उतरवत होतो, आणि परतताना ते घड्याळवाल्यांपाशी थोडा वेळ टेकत. आता तेही बंद. सँक्शन नसलेल्या जिन्यावर ते पाऊल ठेवणार नव्हते. मी चिडलो, विनवण्या केल्या, एकदा तर रडकुंडीलाच आलो. म्हणालो, "आप्पा, तुम्ही या जिन्यावरून माझं बोट धरून मला शाळेत नेलंत!"

"तेव्हा माहीत नव्हतं," ते म्हणाले. "आता माहीत आहे." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यानंतर ते फाइलबद्दल विचारेनासे झाले. चहाही ठेवला तर घेत, नाहीतर नाही. पाइप लावला असता तर माणूस एका दिवसात बाकावर गेला असता. मी रीतसर विचारलं आणि होता तो जिनाही काढून घेतला.

एका सकाळी घरी टपाल आलं. सँक्शन झालं होतं.

जिन्याचं नव्हे. पाइपाचं. माझी फाइल त्या चष्मेवाल्या गृहस्थांच्या ढिगाखालून निघून, रेकमेंड होऊन, अप्रूव्ह होऊन, आपली आपण वर गेली होती. जिन्याचं काय झालंय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण ते टेबल वेगळं. मंजूर नकाशातील जिन्याला, उतरताना डाव्या हातास, प्रत्येक मजल्यावर एक पाइप लावण्यास मंजुरी. खाली गोल शिक्का.

मी इन्स्पेक्टरला जाऊन भेटलो. म्हटलं, आता हा पाइप लावायचा कुठे?

"नकाशातल्या जिन्याला."

"तिथे भिंत आहे. जिना नाही."

तो इकडेतिकडे बघून माझ्याजवळ सरकला. "मी तुम्हाला तुमच्या भल्याचं सांगतो. तुम्ही पाइप तिथेच लावा. मी येऊन तपासणार आणि लिहिणार, रेलिंग मंजूर जागी आहे. रेलिंग आहे म्हणजे रेकॉर्डला तिथे जिना आला. जिना जागेवर आहे म्हटल्यावर नोटीस कशाची? नोटीस निघते. लोक कुठून चढतात, ते मग आमच्या रेकॉर्डचा विषय राहत नाही."

त्याच्या बोलण्यात मला एकही चूक काढता येईना, हे माझं सगळ्यात मोठं दुःख होतं.

सेक्रेटरींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला मिठी मारली. फॅब्रिकेटरने मात्र दोनदा विचारलं. "साहेब, इथे? भिंतीला? तिरका?" तिरकाच, कारण जिन्याचा पाइप तिरका असतो आणि उतार मोजला जाणार होता. त्याने मान खाली घालून प्रत्येक मजल्यावर पॅसेजच्या कोऱ्या भिंतीला, छातीपासून सुरू होऊन खिडकीपाशी घोट्यापर्यंत उतरत जाणारा, चकचकीत पाइप ठोकला. इन्स्पेक्टर आला, मोजून गेला, नोटीस निघाली. वरच्या मावशींनी त्यांच्या मजल्यावरच्या पाइपावर पायपुसणी वाळत टाकली आणि माझ्याशी बोलायला लागल्या.

उरले आप्पा. मी शिक्क्याचा कागद त्यांच्या हातात दिला. ते उठून बसले. त्यांनी तो वाचला, उलटा करून पाठ बघितली, पुन्हा वाचला. "सँक्शन," ते पुटपुटले. मग इस्त्रीचा शर्ट मागितला. बायकोने त्यांना बूट घातले. मला त्यांना सांगायचं होतं की आप्पा, तो पाइप कुठेच उतरत नाही. ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी दार उघडून धरलं.

पॅसेजमध्ये येऊन त्यांनी डाव्या हाताने पाइप धरला. हलवून बघितला. आणि जिना उतरतात तसं एकेक पाऊल टाकत सपाट फरशीवरून निघाले. पाइप खाली खाली जात होता, तसे ते वाकत होते. अर्ध्यावर गुडघे वाकले. खिडकीच्या थोडं अलीकडे हात आणखी खाली नेता येईना, आणि ते तिथेच, ना उभे ना बसलेले, असे अडकून राहिले. मी धावत जाऊन घरातली खुर्ची आणली आणि त्यांच्या मागे, खिडकीशी ठेवली.

ते बसले नाहीत. खुर्चीकडे मान वळवून म्हणाले, "पॅसेज सार्वजनिक आहे. खुर्चीला सँक्शन आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

"कोणाचं?"

"माझं."

"लेखी?"

"तोंडी."

आप्पांनी विचार केला. पाइप धरलेल्या हाताची बोटं त्याच्यावर टकटक वाजत होती. मग ते हळूच बसले.

खिडकीतून खाली फाटक दिसत होतं, आणि बाक, आणि घड्याळवाले. शेजारी पिशवी. आप्पांनी पाइप सोडला आणि डावा हात उंच केला. हाक मारून उपयोग नव्हता. घड्याळवाले रस्त्याकडे बघत होते. आप्पांचा हात वरच होता.

"हात खाली घ्या आप्पा, दुखेल. मी जाऊन त्यांना सांगतो वर बघायला."

"जा," आप्पा म्हणाले. नजर खालीच होती, हात तसाच वर. "पण जपून उतर. त्या जिन्याला सँक्शन नाही."